एक सेंटिमीटर मातीची साक्ष

पुस्तक : टी. रेक्स अँड द क्रेटर ऑफ डूम
लेखक : वॉल्टर अल्वारेझ
प्रकाशक : प्रिन्स्टन युनिव्हर्सिटी प्रेस, १९९७

काही वर्षांपूर्वी आम्ही नववीच्या वर्गात डायनोसॉर कसे नाहीसे झाले याची गोष्ट सांगितली. दहा किलोमीटर रुंदीचा लघुग्रह आला, मेक्सिकोच्या किनाऱ्यावर आदळला, आकाश काळवंडले, झाडे वाळली, प्राणी उपाशी मेले. मुले रंगून गेली. पुढच्या आठवड्यात छोटी चाचणी घेतली आणि शेवटी एक प्रश्न घातला : 'हे कशावरून ठरवले?' बहुतेक मुलांनी लिहिले, 'शास्त्रज्ञांनी शोध लावला.' एका मुलाने डायनोसॉरच्या हाडांवर जळाल्याच्या खुणा सापडल्या असे मनानेच लिहून टाकले. उत्तरपत्रिका तपासताना लक्षात आले की चूक मुलांची नव्हती. आम्ही निकाल सांगितला होता. साक्षीपुरावा सांगितलाच नव्हता.

आम्ही ती गोष्ट ज्या पुस्तकावरून सांगितली होती, ते पुस्तक या निमित्ताने पुन्हा काढून वाचले. पुस्तक प्रसिद्ध होऊन आता पाव शतकाहून अधिक काळ लोटला आहे. या काळात या विषयात पुष्कळ काम झाले. तरीही हे पुस्तक शिक्षकांनी वाचावे असे आमचे मत आहे. मात्र ते कुठून वाचायला सुरुवात करावी आणि कुठे थांबून शंका घ्यावी, हेही सांगायला हवे.

पुस्तकाच्या नावावर जाऊ नये. ते एका गाजलेल्या साहसपटाच्या नावाची गमतीने केलेली नक्कल आहे. नावातला टी. रेक्स पुराव्याच्या कामी फारसा येत नाही. खरी साक्ष देतात ते खसखशीच्या दाण्याहून लहान असे समुद्रातले एकपेशीय जीव आणि खोल समुद्रात साचलेल्या गाळाचा एक पातळ थर. लेखक वॉल्टर अल्वारेझ हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील शाखेतले भूशास्त्रज्ञ. त्यांचे वडील लुईस अल्वारेझ हे १९६८ चे नोबेल पारितोषिक मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ. या दोघांनी फ्रँक असारो आणि हेलन मिशेल या रसायनशास्त्रज्ञांबरोबर जून १९८० मध्ये 'सायन्स' या साप्ताहिकात एक निबंध प्रसिद्ध केला आणि लघुग्रहाच्या आघाताची कल्पना मांडली. ती कथा खुद्द त्यात असलेल्या माणसाने सांगितलेली आहे.

पहिले प्रकरण आघाताच्या दिवसाचे वर्णन करते. लेखणी समर्थ आहे, वाचताना अंगावर काटा येतो. पण आमचा पहिला आक्षेप इथेच आहे. ज्या गोष्टी सिद्ध करायला शेकडो माणसांना वीस वर्षे लागली, त्या इथे डोळ्यांनी पाहिल्यासारख्या सांगितल्या जातात. वर्णनातले कोणते वाक्य मोजमापावर उभे आहे, कोणते गणितावर आणि कोणते तर्कावर, हे वाचकाला कळत नाही. आम्ही वर्गात हेच प्रकरण सांगितले आणि त्याचे फळ वर लिहिलेच आहे. शिक्षकांनी हे प्रकरण शेवटी वाचावे. सुरुवात करावी ती गुब्बिओपासून.

गुब्बिओ हे मध्य इटलीतले जुने गाव. गावाजवळच्या घळीत गुलाबी चुनखडकाचे थर एकावर एक रचलेले दिसतात. आज ते डोंगरात आहेत, पण तयार झाले खोल समुद्राच्या तळाशी. समुद्राच्या वरच्या पाण्यात फोरॅमिनिफेरा नावाचे सूक्ष्म जीव असतात. ते मेले की त्यांची चुन्याची कवचे सावकाश खाली बसतात. त्यांच्यात वाऱ्याने आणि प्रवाहांनी आणलेली थोडी बारीक माती मिसळते. हजार वर्षांत जेमतेम एक सेंटिमीटर, अशा गतीने हा गाळ साचतो. किनाऱ्याजवळच्या गाळासारखी इथे पूर, लाटा, भरती यांची गडबड नसते. म्हणून काळाची नोंद म्हणून हा गाळ भरवशाचा असतो.

या थरांत एका ठिकाणी सुमारे एक सेंटिमीटर जाडीचा मातीचा पट्टा आहे. त्याच्या खालच्या चुनखडकात फोरॅमिनिफेरांच्या मोठ्या, नक्षीदार जाती भरपूर सापडतात. पट्ट्याच्या वर त्या एकाएकी नाहीशा होतात आणि उरतात फक्त चिमुकल्या जाती. हाच क्रिटेशस आणि टर्शरी या दोन कालखंडांमधला सांधा. आजच्या मोजणीप्रमाणे तो ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. अल्वारेझ तिथे गेले होते ते खडकांमधल्या चुंबकत्वाचा अभ्यास करायला. पण त्या पट्ट्याने त्यांच्या मनात एक साधा प्रश्न उभा केला : ही सेंटिमीटरभर माती साचायला किती काळ लागला असेल?

हा प्रश्न आम्हाला पुस्तकातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. लघुग्रहाचा शोध घ्यायला कोणी निघालेच नव्हते. दोन शक्यता होत्या. एक, समुद्रातले कवचधारी जीव मेल्यामुळे चुना पडायचा थांबला, पण माती नेहमीच्या संथ गतीने पडत राहिली. तसे असेल तर पट्टा साचायला हजारो वर्षे लागली असणार. दुसरी, चुना नेहमीसारखाच पडत होता, पण कुठून तरी एकदम पुष्कळ माती आली. तसे असेल तर हे काही वर्षांचेच काम. जीव हळूहळू गेले की अचानक, याचा उलगडा या उत्तरावर अवलंबून होता.

घर दोन महिने बंद ठेवून आपण परत येतो तेव्हा कपाटावरच्या धुळीवरून घर किती दिवस बंद होते याचा अंदाज करता येतो. धूळ रोज सारख्या प्रमाणात बसते, एवढे गृहीत धरले की झाले. लुईस अल्वारेझ यांनी असेच घड्याळ शोधायला सुरुवात केली. प्रथम त्यांनी बेरिलियम-१० या किरणोत्सारी समस्थानिकाचा विचार केला. पण त्याचे छापील अर्धायुष्य चुकीचे असल्याचे कळले. खरे अर्धायुष्य इतके कमी होते की एवढ्या काळात त्यातले मोजण्याजोगे काही उरणेच शक्य नव्हते. मग त्यांनी अवकाशातून पडणाऱ्या धुळीचा विचार केला. अशनींच्या भुग्याची बारीक धूळ पृथ्वीवर सतत पडत असते. तिच्यात इरिडियम असते. पृथ्वीच्या कवचात मात्र इरिडियम नगण्य आहे, कारण पृथ्वी वितळलेल्या अवस्थेत असताना लोखंडाबरोबर ते गाभ्यात उतरले. साध्या दगडी अशनीत ते कवचातल्या खडकांच्या सुमारे दहा हजारपट असते. तेव्हा समुद्रतळाच्या गाळातले इरिडियम म्हणजे आकाशातून बसलेली धूळ, असे मानायला हरकत नव्हती. पट्टा सावकाश साचला असेल तर त्यात थोडे इरिडियम मिळेल. झटकन साचला असेल तर जवळजवळ मिळणारच नाही.

असारो आणि मिशेल यांनी नमुन्यांवर न्यूट्रॉनांचा मारा केला. त्यामुळे इरिडियमचे अणू किरणोत्सारी होतात आणि ठरावीक ऊर्जेचे गॅमा किरण सोडतात. ते मोजले की एक अब्ज भागांत एखादा भाग इतके कमी इरिडियमही पकडता येते. अपेक्षा होती एक अब्ज भागांत एक दशांश भागाची. मिळाले सुमारे नऊ भाग. दोन्ही शक्यतांपैकी एकीतही न बसणारा हा आकडा होता.

येथे वर्गात एक शंका निघते आणि ती निघावी. चुना पडायचा थांबला म्हणून मातीबरोबर इरिडियमही दाट दिसू लागले, असे कशावरून नसेल? या शंकेचे उत्तर नमुने तयार करण्याच्या रीतीतच आहे. मोजणीपूर्वी खडकातला चुना आम्लात विरघळवून टाकला होता आणि उरलेल्या मातीतले इरिडियम मोजले होते. फक्त चुना थांबला असता, तर पट्ट्यातल्या मातीत आणि खालच्या चुनखडकातून निघालेल्या मातीत इरिडियमचे प्रमाण सारखेच राहिले असते. ते राहिले नाही. गुब्बिओला ते सुमारे ३० पट वाढले होते. डेन्मार्कमधल्या स्टेव्हन्स क्लिंट येथे १६० पट आणि न्यूझीलंडमध्ये २० पट वाढले होते. जगाच्या दोन टोकांना तीच वाढ दिसली, म्हणजे ही गुब्बिओच्या घळीपुरती गोष्ट नव्हती. याच सुमारास यान स्मिट यांनाही स्पेनमधल्या काराव्हाका येथील थरात तेच आढळले होते. अल्वारेझ हे श्रेय मोकळेपणाने देतात.

यापुढची पाने शिक्षकांनी मुलांना शब्दशः वाचून दाखवावीत इतकी चांगली आहेत. इरिडियम अवकाशातून आले, पण कशातून? जवळच एखादा तारा फुटला असेल का? तारा फुटला असेल तर इरिडियमबरोबर प्लुटोनियम-२४४ सुद्धा सापडायला हवे. त्याचे अर्धायुष्य सुमारे आठ कोटी वर्षांचे, म्हणजे तेव्हा पडलेल्यातले निम्म्याहून अधिक आजही उरले असणार. पृथ्वीच्या जन्माच्या वेळचे प्लुटोनियम मात्र केव्हाच संपून गेले आहे. त्यांनी शोधले आणि प्लुटोनियम चक्क सापडले! आनंद झाला. पण असारो आणि मिशेल यांनी सगळी चाचणी नव्या नमुन्यावर पहिल्यापासून पुन्हा केली. या वेळी काहीच सापडले नाही. पहिले प्लुटोनियम प्रयोगशाळेतूनच नमुन्यात शिरले होते. फुटलेल्या ताऱ्याची कल्पना त्या दिवशी निकालात निघाली.

आपल्या प्रयोगवहीत मुले 'उत्तर बरोबर आले' म्हणजे प्रयोग संपला असे समजतात. हवे ते उत्तर आले तेव्हाच प्रयोग पुन्हा करायचा असतो, हे सांगणारे यापेक्षा चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही. अल्वारेझ आपल्या गटाची फसगत लपवत नाहीत. चुकीच्या जागी विवर शोधण्यात गेलेली वर्षेही ते तितक्याच सरळपणे सांगतात.

लघुग्रह केवढा होता याचे गणित पुस्तकात ओझरते येते. १९८० च्या निबंधात ते नीट मांडलेले आहे. आम्ही ते फळ्यावर करून पाहिले. नववीच्या मुलांना ते जमते. गुब्बिओच्या पट्ट्यात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ८ नॅनोग्रॅम इरिडियम आहे. पृथ्वीचे क्षेत्रफळ ५१ कोटी चौरस किलोमीटर. सगळीकडे इतकेच पडले असे मानले तर एकूण इरिडियम सुमारे ४१ हजार टन होते. साध्या दगडी अशनीच्या एका टनात अर्धा ग्रॅम इरिडियम असते. म्हणजे अशनीचे वस्तुमान सुमारे ८,२०० कोटी टन झाले. घनता पाण्याच्या २.२ पट धरली तर हा गोळा सुमारे चार किलोमीटर व्यासाचा निघतो. पण आदळलेला सगळा माल जगभर पसरत नाही. १८८३ च्या क्राकाटोआच्या स्फोटात वातावरणात उंच राहिलेला भाग सुमारे २२ टक्के होता, असे धरून अल्वारेझ गटाने हिशेब सुधारला. वस्तुमान साडेचारपट झाले आणि व्यास झाला सुमारे सात किलोमीटर. डेन्मार्कचे आकडे आणि इतर मार्गांनी केलेले अंदाज धरून त्यांनी १० किलोमीटर ही संख्या दिली. तीत चार किलोमीटर इकडेतिकडे होऊ शकते, असेही लिहिले.

मुलांना यात गंमत वाटली ती घनमुळाची. वस्तुमानात साडेचारपट चूक झाली तरी व्यासात ती दीडपटीच्या थोडी वर जाते. इतक्या ढोबळ गृहीतांवर उभे असलेले उत्तर फारसे ढळत का नाही, हे त्यामुळे कळते. 'अंदाज' आणि 'अंदाधुंद' यांतला फरक शिकवायला हे गणित उपयोगी आहे.

पण इरिडियम एकट्याने काय सांगू शकते? एवढेच की, एरवी आकाशातून थोडे थोडे येणारे द्रव्य त्या काळी एकदम पुष्कळ आले. तेही निर्विवाद नाही. १९८३ मध्ये हवाई बेटांतल्या किलाउएया ज्वालामुखीतून उडणाऱ्या कणांत अनपेक्षितपणे जास्त इरिडियम आढळले. तेव्हा हे मूलद्रव्य खोल पृथ्वीतूनही येऊ शकते, असे म्हणायला ज्वालामुखीवाद्यांना आधार मिळाला. हा वाद इरिडियमने सुटला नाही. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या माँटाना राज्यातील त्याच काळच्या थरात गारगोटीचे असे कण सापडले, ज्यांच्या स्फटिकांत प्रचंड धक्क्याने पडलेल्या एकमेकींना छेदणाऱ्या रेघा होत्या. ज्वालामुखीत असा धक्का बसत नाही. मग हैतीमध्ये वितळून उडालेल्या काचेचे गोल कण मिळाले. शेवटी विवरही मिळाले. मेक्सिकोतल्या युकातान द्वीपकल्पाखाली गाडलेली सुमारे १८० किलोमीटर व्यासाची वर्तुळाकार रचना पेनफील्ड आणि कामार्गो या तेल कंपनीच्या भूभौतिकतज्ज्ञांनी १९८१ मध्येच एका परिषदेत सांगितली होती. आघाताचे अभ्यासक तिथे नव्हते. एका वार्ताहराला ती बातमी आठवत होती, म्हणून हा धागा जवळजवळ दहा वर्षांनी जुळला. १९९१ मध्ये चिक्शुलूब विवराचा निबंध प्रसिद्ध झाला. पुस्तकातले हे प्रकरण एखाद्या तपासकथेसारखे रंगते. मात्र प्रत्येक दुवा कुठून आला हे इथे दिसत राहते. पहिल्या प्रकरणात नेमके हेच हरवले होते.

आता आमचे उरलेले आक्षेप.

वादाची कडवट बाजू पुस्तकात फारशी येत नाही. खुद्द लुईस अल्वारेझ यांनी १९८८ मध्ये एका वृत्तपत्राशी बोलताना जीवाश्मतज्ज्ञांची तुलना पोस्टाची तिकिटे जमवणाऱ्यांशी केली होती. मुलाने वडिलांबद्दल सौम्यपणे लिहावे हे आम्ही समजू शकतो. पण विज्ञानात माणसे रागावतात, एकमेकांना हिणवतात आणि तरीही पुराव्यापुढे हळूहळू वळतात, हे मुलांपासून लपवण्याचे कारण नाही. शिवाय जीवाश्मतज्ज्ञांचा आक्षेप पोकळ नव्हता. इरिडियमचा थर आघात सिद्ध करतो. आघाताने कोण, कसे आणि किती दिवसांत मेले हे तो सिद्ध करत नाही. त्यासाठी फोरॅमिनिफेरांपासून हाडांपर्यंत सगळे वेचून मोजावेच लागते. पुस्तकात हा फरक कधी कधी पुसट होतो.

एका विवरावर सगळे लक्ष गेल्यामुळे वाचकाचा आणखी एक गैरसमज होतो : मोठा आघात झाला की महासंहार ठरलेलाच. समुद्रतळाचा गाळ तसे म्हणत नाही. सुमारे साडेतीन कोटी वर्षांपूर्वीच्या सागरी गाळात इरिडियमची वाढ सापडते. सायबेरियातले सुमारे १०० किलोमीटर व्यासाचे पोपिगाय विवर त्याच काळातले. पण तेव्हा क्रिटेशसच्या अखेरीसारखा संहार झाला नाही. दुसरे उदाहरण 'एल्टानिन'चे. या नावाच्या जहाजाने १९६० च्या दशकात दक्षिण महासागराच्या तळातून काढलेल्या गाळात १९८१ मध्ये इरिडियम आढळले. पुढे १९९५ च्या मोहिमेत तिथून अशनीचे तुकडेही मिळाले. सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी एक लघुग्रह तिथल्या काही किलोमीटर खोल समुद्रात पडला होता, पण तळावर विवर सापडलेले नाही. त्या आघाताची आठवण फक्त गाळाने ठेवली आहे. लोणारचे विवर आपण मुलांना सहलीला नेऊन दाखवू शकतो. पण पृथ्वीचा बहुतेक भाग समुद्राखाली आहे. विवराशिवाय आघात ओळखायचा तर रसायनशास्त्राचाच आधार घ्यावा लागतो, हे या उदाहरणावरून समजते.

तिसरा आक्षेप महाराष्ट्रातल्या वाचकाला विशेष जाणवेल. आपल्या पायाखालचा काळा पत्थर म्हणजे दख्खनचा बेसॉल्ट. तो ज्या ज्वालामुखींतून आला, त्यांचे उद्रेकही नेमके त्याच काळातले. पुस्तकात दख्खनचा उल्लेख आहे, हा योगायोग बुचकळ्यात टाकणारा आहे हेही लेखक मान्य करतात. पण आघाताचा प्रतिस्पर्धी म्हणून तो येतो आणि विवर सापडल्यावर मागे पडतो. दोन्ही गोष्टी घडल्या, मग त्यांचा एकमेकींशी संबंध काय, हा प्रश्न तिथे पुरेसा मोठा होत नाही. वास्तविक भारतात त्याच सुमारास यावर काम चालू होते. अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीतल्या नरेंद्र भांडारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेघालयातल्या उम सोह्रिंगक्यू नदीकाठच्या सागरी थरांत इरिडियम मोजले होते. १९९५ मध्ये त्यांनी कच्छमधल्या अंजार येथे दोन लाव्हाप्रवाहांच्या मध्ये साचलेल्या गाळातही ते दाखवले. त्यावरून उद्रेक आघाताच्या आधीच सुरू झाले होते, असा त्यांचा निष्कर्ष होता. अंजारच्या थरांच्या वयाबद्दल पुढे वाद झाला.

लेखकाच्या बाजूने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधाच्या लेखकांत वॉल्टर अल्वारेझ यांचेही नाव आहे. चिक्शुलूबच्या हादऱ्याने दख्खनचे आधीच चालू असलेले उद्रेक वाढले असावेत आणि वाई-महाबळेश्वरच्या परिसरातले जाड थर त्यातून आले असावेत, अशी कल्पना त्यात मांडलेली आहे. २०१९ मध्ये 'सायन्स'च्या एकाच अंकात दोन गटांनी सह्याद्रीतल्या खडकांची नवी वये दिली. एका गटाच्या मते लाव्ह्याचा मोठा भाग आघातानंतरचा आहे. दुसऱ्याच्या मते एक मोठा उद्रेक आघाताच्या थोडा आधी झाला. म्हणजे पुस्तकात मागे पडलेला प्रश्न आज पुन्हा पुढे आला आहे आणि त्याचे नमुने आपल्या घाटरस्त्यांच्या कडेला आहेत.

पुस्तकानंतर आणखी काय कळले? १९९८ मध्ये क्रोमियमच्या समस्थानिकांवरून तो पाहुणा कार्बनयुक्त अशनींच्या जातीचा असल्याचे दिसले. त्याच वर्षी उत्तर पॅसिफिकच्या तळातून काढलेल्या त्या काळच्या गाळात अशनीचा अडीच मिलिमीटरचा तुकडा मिळाल्याचे जाहीर झाले. २०१६ मध्ये चिक्शुलूब विवरातच छिद्र पाडून खडकाचा गाभा काढला गेला आणि २०२१ मध्ये त्या गाभ्यातही इरिडियमचा थर असल्याचे प्रसिद्ध झाले. गुब्बिओची माती आणि मेक्सिकोचे विवर यांची गाठ अशी प्रत्यक्ष पडली. २०२४ मध्ये रुथेनियमच्या समस्थानिकांवरून तो लघुग्रह गुरूच्या कक्षेपलीकडे तयार झाला असल्याचे दाखवले गेले.

पण आम्हाला सर्वांत आवडलेली बातमी २००१ ची आहे. माती साचायला किती काळ लागला, हा अल्वारेझ यांचा मूळ प्रश्न इरिडियमने सोडवलाच नव्हता. घड्याळ म्हणून आणलेले इरिडियम भलतीच हकीकत सांगून गेले. पुस्तक संपते तेव्हाही त्याचे पक्के उत्तर हाती नाही. २००१ मध्ये सुजॉय मुखोपाध्याय, फार्ली आणि मोंतानारी यांनी तोच प्रश्न हीलियम-३ ला विचारला. अवकाशातल्या बारीक धुळीत हे हीलियम असते आणि ती धूळ न तापता खाली पोहोचली तर ते तिच्यात टिकते. मोठा लघुग्रह आदळला तर प्रचंड उष्णतेने ते निघून जाते. म्हणून आघाताने हे घड्याळ बिघडत नाही. उत्तर आले, सुमारे दहा हजार वर्षे. कपाटावरच्या धुळीची कल्पना मुळात बरोबर होती, फक्त धूळ दुसरी मोजायला हवी होती.

मागल्या वर्षी आम्ही वर्गात क्रम उलटा केला. डायनोसॉरचे नावही न घेता फळ्यावर तीन थर काढले आणि विचारले, मधली माती साचायला किती वेळ लागला असेल हे कसे शोधाल? तीन तास लागले. अभ्यासक्रमाच्या मानाने हे जास्त झाले, हे खरे. चाचणीत प्रश्न मात्र तोच ठेवला. या वेळी उत्तरे लांबली. काहींनी ज्वालामुखीची बाजू घेतली, एकीने प्लुटोनियमच्या फसगतीबद्दल लिहिले. एका मुलाने लिहिले की इरिडियमवरून दगड पडला हे कळते, पण डायनोसॉर त्यानेच मेले हे त्यावरून कळत नाही. त्याला आम्ही पूर्ण गुण दिले.